सरांची दुसरी वही : पुरानंतर न आलेल्या सहा मुलांचं प्रकरण

२०२४ च्या ऑगस्टच्या शेवटी विश्वामित्री नदीचं पाणी बडोद्यात शिरलं, तीन-चार दिवसांनी उतरलं, आणि त्यानंतर आमच्या सकाळच्या बास्केटबॉलच्या बॅचमधली सहा मुलं परत आलीच नाहीत. हे आमच्या लक्षात यायला जवळजवळ तीन आठवडे लागले. तीन आठवडे! रोज सकाळी सहाला शिट्टी वाजत होती, लेअपच्या, म्हणजे धावत जाऊन रिंगमध्ये बॉल टाकायच्या, रांगा लागत होत्या, आणि आम्हा चौघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की अरे, रांग छोटी झालीये. हे प्रकरण नीट लिहून ठेवायचं ठरलं ते त्याच्यामुळेच, कारण अशा फुकट चालणाऱ्या बॅचेस गावोगावी आहेत, कुणीतरी एक सर त्या उभ्या करतात आणि सर गेले की आमच्यासारखे त्यांचे जुने विद्यार्थी चालवायला घेतात, आणि नेमकं काय चालवायला घेतलंय हे आपल्याला ठाऊक आहे असं समजतात.

आम्ही चौघं म्हणजे सरांच्या हाताखाली खेळलेले. एक बँकेत, एक कॉलेजात शिकवतो, एकाचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, आणि मी. दांडिया बाजाराच्या अंगाला एका शाळेचं सिमेंटचं कोर्ट सकाळी दोन तास मिळतं. मुलं चाळीसेक, सहावी ते अकरावी, मुली साधारण तिसरा हिस्सा. बाबाजीपुरा, नवापुरा, वाडीकडची बरीचशी मराठी घरं, काही गुजराती, काही मुसलमान, दोनेक फत्तेगंजहून येणारी ख्रिस्ती. फी नाही. बॉलसाठी वर्गणी काढतो, ज्याला जमेल त्यानं द्यावी.

सर रेल्वेत होते, प्रतापनगरला. घराणं मूळचं नगरकडचं, मराठी ख्रिस्ती, वडिलांच्या बदलीपायी बडोद्याला आले ते इथलेच झाले. घरात मराठी, ऑफिसात हिंदी, बाजारात गुजराती, आणि कोर्टावर तिन्ही एकदम. २०२१ च्या एप्रिलमध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत गेले. अंत्यविधीला आम्हाला जाता आलं नाही, ते अजून मनात आहे. २०२२ मध्ये शाळेनं कोर्ट परत उघडलं तेव्हा चौघांनी ठरवलं की बॅच बंद पडू द्यायची नाही. काकूंना सांगायला गेलो तर त्यांनी आत जाऊन दोन वह्या आणून दिल्या. म्हणाल्या, "अरे, ह्या तुमच्याच आहेत, मी काय करू ठेवून."

पहिली वही जाड, तिच्यात ड्रिल्स. कुठल्या दिवशी काय घ्यायचं, चेस्ट पास किती, पिव्होट, म्हणजे एक पाय रोवून फिरणं, कसा शिकवायचा, पावसात कोर्ट ओलं असेल तर काय करायचं, सगळं आखून. ती आमच्यासाठी सोन्याची होती, तिची झेरॉक्स काढून चौघांनी एकेक ठेवली. दुसरी वही पातळ, शाळकरी, वर पेन्सिलीनं फक्त "लूक १५" एवढंच. आत नावं, तारखा, एखादी ओळ, आणि नावापुढे एक छोटीशी खूण. आम्हाला वाटलं जुनी हजेरी असेल. कपाटात ठेवून दिली. चूक तिथे झाली असं मी आता म्हणतो, पण तेव्हा ती चूक वाटायचं काही कारणच नव्हतं, कारण सरांचा वारसा म्हणजे त्यांचं कोचिंग आणि कोचिंग म्हणजे पहिली वही, असंच डोक्यात होतं.

आधीचा पूर

तुलना केल्याशिवाय हे प्रकरण कळत नाही म्हणून २०१९ सांगतो. ३१ जुलै २०१९, बडोदेकर विसरणार नाहीत, एका दिवसात जवळजवळ वीस इंच पाऊस. रस्त्यावर मगरी आल्या त्या व्हिडिओत सगळ्या देशानं बघितल्या. कोर्ट आठवडाभर चिखलात होतं. तेव्हा मी नोकरीला लागलेलो, पण सुट्टीच्या दिवशी सकाळी हात लावायला जायचो. सर चिखलाकडे बघतसुद्धा नव्हते, ते काम त्यांनी आमच्यावर टाकलं आणि स्वतः स्कूटर काढून निघून गेले. रोज. आम्हाला थोडा रागच आलेला, की इथे फावडी मारायची सोडून हे कुठे हिंडतायत. त्या वर्षी गणपती २ सप्टेंबरला बसले आणि त्याच्या आत सगळी मुलं कोर्टावर परत होती. आम्ही ते आमच्या फावड्यांच्या खात्यात जमा केलं.

२०२४ ला कोर्ट आम्ही चार दिवसात साफ केलं. मशीन आणलं, पाणी मारलं, ग्रुपवर मेसेज टाकला की सोमवारपासून प्रॅक्टिस. मेसेजला खूप अंगठे आले. पुढच्या महिन्यात एक आंतरक्लब स्पर्धा होती, चौदा वर्षांखालची, टीम चांगली होती, म्हणून लगेच बारा जणांची निवड करून फाइव्ह ऑन फाइव्ह, म्हणजे पाच विरुद्ध पाच मॅच, सुरू केलं, आणि बाकीची मुलं दुसऱ्या रिंगवर शूटिंग करत राहिली. तिथे कितीजण आहेत ते कुणी मोजलं नाही.

कळलं कसं, तर एका मुलीच्या आजीनं भाजीवाल्यापाशी मला धरलं आणि विचारलं, "प्रॅक्टिस बंद झाली का रे तुमची? पूर्वी तुमचे सर यायचे विचारायला." बास, एवढंच. मी घरी आलो, कपाटातनं पातळ वही काढली आणि २०१९ चा ऑगस्ट उघडला.

पानंच्या पानं भरलेली होती. तारीख, मुलाचं नाव, गल्ली, कोण भेटलं, आणि शेवटच्या रकान्यात पाण्यात काय गेलं. "बूट, दप्तर." "गादी, गहू." "काही नाही, पण आई घाबरलीये." "वडिलांची शिलाई मशीन, बापूला सांगितलं, तो बघून घेईल." एका नावापुढे चार तारखा होत्या, चार वेळा गेले होते, पाचव्या ओळीत फक्त "आला". स्कूटर कुठे जायची ते मला पाच वर्षांनी कळलं.

लूक १५

वही घेऊन काकूंकडे गेलो. वरचं नाव वाचून त्या हसल्या. बायबलमध्ये लूकच्या शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय आहे, त्यात शंभर मेंढरांची गोष्ट आहे, एक हरवतं तेव्हा धनगर नव्याण्णव तिथेच ठेवून त्या एकाला शोधायला जातो. काकू म्हणाल्या, ह्यांना कधी बॅच मोठी झाली, टीम जिंकली तर कुणी अभिनंदन केलं की ते बरं म्हणायचे आणि घरी येऊन म्हणायचे, आज अमका आला नव्हता. नावापुढची ती छोटी खूण आम्ही "भेट झाली" अशी समजत होतो, ती तशी नव्हती. रात्री झोपायच्या आधी ते त्या नावासाठी प्रार्थना करायचे, झाली की खूण. माझं नाव होतं. चौघांचीही होती.

हे चौघांमध्ये बोललं गेलं तेव्हा दोन मतं पडली आणि ती मी लपवणार नाही. एकाला जरा अवघड वाटलं, की आपल्याला न सांगता आपल्यासाठी कुणी अशी प्रार्थना करतं, आणि आत्ताच्या दिवसात पालकांना कळलं तर त्याचा अर्थ काय लावतील. वर्कशॉपवाला मुसलमान आहे. तो म्हणाला, माझ्या अम्मीनं वर्षानुवर्षं सरांसाठी दुवा मागितलीये, तिनं कुठे सरांना विचारलं होतं. त्यावर पुढे कुणी काही बोललं नाही.

पालकांचा प्रश्न मात्र खरा होता आणि सरांच्या काळीही होता. २०१९ मध्येच एका वडिलांनी गल्लीत विचारलेलं, हे घरोघर कशाला फिरतात. काकूंनी सांगितलं की त्यानंतर सरांनी स्वतःला एक नियम घालून घेतला, बोलावल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही, ओट्यावर बसायचं, पाणी प्यायचं, मूल कसं आहे आणि कधी येतंय एवढंच विचारायचं, पाच मिनिटांत उठायचं. धर्माचा शब्द नाही. मॅचच्या आधी ते दोन सेकंद डोळे मिटायचे, आम्हाला कधी मिटायला लावले नाहीत. रविवारी सकाळी प्रॅक्टिस नसायची कारण ते चर्चला जायचे, पण तेही आम्हाला कारण म्हणून कधी सांगितलं नव्हतं, आम्ही रविवारला फक्त सुट्टी समजायचो.

ते गोष्टी सांगायचे मात्र पावसात. शेडखाली बसवून. बडोद्याचं पोर असेल तर विजय हजारेंची पहिली, की १९४७ च्या रणजी फायनलमध्ये होळकरांविरुद्ध हजारे आणि गुल महंमदनी चौथ्या विकेटला ५७७ रन्स केल्या आणि तो विक्रम २००६ पर्यंत जगात कुणाला मोडता आला नाही, आणि हजारे आपल्यासारखेच मराठी, सांगलीचे, आणि ख्रिस्ती, हे शेवटी जरा हळू आवाजात, अभिमान दाखवायचा नाही पण राहवत नाही अशा. मग नेस्मिथ. जेम्स नेस्मिथ, मॉन्ट्रियलमध्ये धर्मशास्त्र शिकलेला मास्तर, डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेत स्प्रिंगफिल्डला वायएमसीए ह्या ख्रिस्ती युवक संघटनेच्या ट्रेनिंग स्कूलमध्ये त्याला अठरा दांडगट पोरांचा वर्ग दिला, थंडीत आत हॉलमध्ये काहीतरी खेळवायला, आणि त्यानं पीचच्या दोन टोपल्या गॅलरीला ठोकून तेरा नियम लिहिले. बॉल घेऊन पळायचं नाही हा नियम का, तर पळणाऱ्याला पाडावं लागतं म्हणून. रिंग डोक्याच्या वर का, तर ताकदीनं फेकून उपयोग नाही, अलगद टाकावा लागतो म्हणून. सर म्हणायचे, खेळ असा बनवलाय की दुसऱ्याला न पाडता जिंकता यावं. आणि पुढे हाच नेस्मिथ कॅन्सस विद्यापीठात कोच झाला तर ५५ मॅच जिंकला, ६० हरला. हे आकडे सर फार प्रेमानं सांगायचे, विशेषतः आम्ही हरून आलो की.

त्याच स्प्रिंगफिल्डला शिकलेले हॅरी बक मद्रासला आले आणि १९२० मध्ये त्यांनी तिथे वायएमसीएचं शारीरिक शिक्षणाचं कॉलेज काढलं, १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला ते भारताच्या टीमबरोबर होते. सरांना शाळेत ज्यांनी बास्केटबॉल शिकवलं ते मास्तर त्या मद्रासच्या कॉलेजातनं शिकून आलेले. म्हणजे स्प्रिंगफिल्ड, मद्रास, मग आमचे सर, मग दांडिया बाजार. ही साखळी सर बोटांवर मोजून दाखवायचे. पुढचं बोट आम्ही, हे त्यांनी कधी म्हटलं नाही पण बोट उघडं ठेवायचे.

ह्या प्रकरणात सगळ्यात जास्त कामाला आली ती जॉन वुडनची गोष्ट. वुडन म्हणजे यूसीएलए ह्या अमेरिकन विद्यापीठाचा बास्केटबॉल कोच, १९६४ ते १९७५ ह्या बारा वर्षांत दहा राष्ट्रीय विजेतेपदं, सलग ८८ मॅचेस जिंकलेल्या. पक्का चर्चला जाणारा माणूस, मॅचला खिशात छोटा क्रॉस. पहिल्या दिवशी अमेरिकेतल्या एक नंबरच्या पोरांना तो मोजे कसे घालायचे ते शिकवायचा, सुरकुती राहिली तर फोड येतो म्हणून, आणि सरांनीही आम्हाला पहिल्या दिवशी तेच शिकवलं होतं. पण सर आकडे पटकन उरकून १९४७ वर यायचे. वुडन तेव्हा इंडियाना स्टेट ह्या कॉलेजला कोच होता, टीम चांगली, कॅन्सस सिटीच्या राष्ट्रीय स्पर्धेचं बोलावणं आलं, पण त्या स्पर्धेत काळ्या खेळाडूंना बंदी होती. टीममध्ये क्लॅरेन्स वॉकर नावाचा एक काळा मुलगा होता. मुख्य पाचात नव्हता, बेंचवरचा. वुडननं बोलावणं परत केलं, टीम गेलीच नाही. पुढच्या वर्षी, १९४८ ला, नियम बदलला, वॉकर खेळला, टीम फायनलपर्यंत गेली आणि लुईव्हिलकडून हरली.

लहान असताना आम्हाला ही गोष्ट वर्णभेदाची वाटायची आणि ती आहेच. वही वाचल्यावर मला तिच्यात मेंढरं दिसली. बेंचवरच्या एकासाठी बाकी सगळ्यांची स्पर्धा सोडणं, हा हिशोब कुठल्याही कमिटीला पटणार नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही पूर्ण पटत नाही, त्या बाकीच्या मुलांचं काय हा प्रश्न राहतोच. पण आमच्याकडे उलटं झालं होतं, बारा जणांच्या नादात सहा गेले आणि आम्ही ते सोडले असंही नाही, आम्हाला दिसलेच नाहीत. सोडणाऱ्यानं निदान मोजलेलं तरी असतं.

अजून एक गोष्ट, धर्मावरून जो वाद आमच्यात झाला त्याला धरून. वुडनचा सगळ्यात मोठा खेळाडू ल्यू अल्सिंडर पुढे मुसलमान झाला, करीम अब्दुल-जब्बार झाला. दोघांची मैत्री २०१० मध्ये वुडन जाईपर्यंत टिकली. हे वर्कशॉपवाल्यानंच आठवण करून दिलं.

सहा घरं

स्पर्धा आठ दिवसांवर होती. आम्ही ती सोडली नाही, टीम गेली, सेमीफायनलला हरली. पण तयारी दोघांनी घेतली आणि दोघं रोज संध्याकाळी बाहेर पडलो, सरांच्या नियमानं, ओट्यापर्यंत.

सहापैकी दोन भावंडं जळगावला मामाकडे होती, घर राहण्यासारखं होईपर्यंत, ती दिवाळीनंतर येणारच होती. एकानं क्रिकेट धरलं होतं आणि मजेत होता, तेही लिहून घेतलं. भाजीवाल्यापाशी भेटलेल्या आजीची नात, तिच्या रस्त्यावरचे दिवे पुरानंतर बंद होते आणि सव्वापाचला अंधारात आई पाठवत नव्हती. ह्याला उपाय इतका सोपा होता की लाज वाटली, त्याच बाजूची दोन मुलं तिला घ्यायला जायला लागली आणि ती तिसऱ्या दिवशी हजर.

पाचवा परशुराम भट्ट्याकडचा, सातवीतला. घरात छातीएवढं पाणी होतं. बूट गेले. बूट गेले म्हणून आला नाही असं त्याची आई म्हणाली, पण तो नंतर मला रस्त्यापर्यंत सोडायला आला आणि म्हणाला, "दादा, मी आलो होतो एकदा. चपलेवर. गेटपाशी थांबलो. तुम्ही मॅच घेत होता." मग? "मग काय, कुणी बघितलं नाही, गेलो परत." त्या दिवशी गेटकडे तोंड करून शिट्टी घेऊन मीच उभा असणार, कारण त्या आठवड्यात मॅच मीच घेत होतो. त्याचे बूट आले, वर्गणीतनं आले, तो येतो आता, डाव्या हातानं छान लेअप मारतो. पण ते वाक्य मी वहीत लिहिलंय, शब्द न बदलता.

सहावा मोठा होता, दहावीतला. वडिलांचा टेम्पो पाण्यात गेला, इंजिन बसलं, कर्ज होतंच. तो सेव-उसळच्या एका लारीवर, म्हणजे हातगाडीवर, कामाला लागला, सकाळी पाच ते दहा. शाळाही अर्धी सुटली होती. ह्याच्यासाठी तीन आठवडे फार होते. २०१९ च्या वहीत ज्या ओळीला "शिलाई मशीन, बापूला सांगितलं" असं आहे, ती ओळ पाण्यानंतर पाचव्या दिवशीची आहे. पाचव्या दिवशी काही ना काही करता येतं, कुणी ओळखीचा मेकॅनिक, कुणी दोन हप्ते पुढे ढकलायला बँकेत शब्द टाकणारा, आणि आमच्यातला एक तर बँकेतच आहे! पंचविसाव्या दिवशी घरानं आपला रस्ता धरलेला असतो, पोराच्या हाताला पगार लागलेला असतो, आणि आपण ओट्यावर बसून पाणी पितो.

आता काय चालतं

पातळ वही चालू ठेवली आहे, नवीन आणली नाही, त्यातच पुढे. सलग तीन दिवस जो दिसणार नाही त्याच्या घरी चौथ्या दिवशी एकानं जायचं, फोन नाही, मेसेज नाही. फोनवर सगळेच "हो येतो" म्हणतात. चौघांनी वार वाटून घेतले आहेत. दर वेळी जमतं असं नाही, मार्चमध्ये बँकवाल्याचं एकदाही जमलं नाही, तिथे पान कोरं आहे. रविवारची सुट्टी तशीच ठेवली, आता मुलांना कारण सांगून.

सरांचं आणि आमचं एकच आहे असं मात्र मी म्हणणार नाही. सरांना वाटायचं की एकेका नावाचा जाब आपल्याला कुणालातरी द्यायचा आहे, आणि त्या भरवशावर माणूस चाळीस अंशांच्या मे महिन्यात स्कूटर काढतो. आम्हाला ते गेटपाशी थांबलेलं पोर आठवतं म्हणून आम्ही जातो. ते आम्हाला किती वर्षं पुरेल ते बघायचं. नावापुढची खूण आम्ही करत नाही, ती आमची नाही, तो रकाना मोकळा सोडतो. काकू महिन्यातनं एकदा वही मागून घेतात आणि परत येते तेव्हा रकाना भरलेला असतो. ह्याबद्दल आमच्यात परत चर्चा झालेली नाही.

लारीवरचा मुलगा आलेला नाही. त्याच्याकडे गुरुवारी मी जातो, ऑफिसला जाता जाता, साडेनऊच्या सुमारास, गर्दी उतरली की. दहावीचा फॉर्म त्यानं बाहेरून भरलाय. मागच्या गुरुवारी प्लेट पुसता पुसता त्यानं आपणहून विचारलं, उजवीकडची रिंग वाकली होती ती सरळ केली का. मी म्हटलं नाही अजून, ये बघायला. तो म्हणाला, "बघू." वहीत एवढंच लिहिलंय, पेन्सिलीनं.